बाटलीतील केळीचे रोप आणि मातीतील हरवलेले सोबती

प्रयोगशाळेतील काचेच्या बाटलीत वाढलेले केळीचे रोप प्रथमच उघड्या हवेत येते, तेव्हा ते हिरवेगार आणि टवटवीत दिसत असले तरी अनेक बाबतींत अपुरे असते. त्याच्या पानांवरील मेणाचा थर पातळ असतो. दमट बाटलीत पाणी राखण्याची वेळच न आल्यामुळे पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. माध्यमातली साखर आयती मिळत गेल्याने स्वतःचे अन्न तयार करण्याची सवय अंगवळणी पडलेली नसते. या उणिवा शेडनेटखालच्या काही आठवड्यांत बहुतांशी भरून निघतात. एक उणीव मात्र बऱ्याचदा तशीच राहते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. मातीत वाढणाऱ्या प्रत्येक केळीच्या मुळांभोवती आणि मुळांच्या आत जिवाणू-बुरशींचा जो गोतावळा असतो, तो या रोपाजवळ जवळपास नसतोच.

हा गोतावळा रोपाला परत मिळवून देता येतो का, केव्हा आणि कशाने, हा प्रश्न गेली तीन-चार दशके जगभरच्या केळी संशोधकांपुढे आहे. कुळागरातील पोफळींमध्ये केळी लावणाऱ्या गोव्यातील बागायतदारांपासून खानदेशातील मोठ्या बागाईतदारांपर्यंत, ऊतिसंवर्धित म्हणजे टिश्यू कल्चरची रोपे विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. मुनवा शेजाऱ्याकडून मागूनही आणता येतो. बाटलीतल्या रोपाला पैसे मोजावे लागतात. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत त्यांतली काही रोपे कोलमडली, तर तेवढे भांडवल मातीत जाते.

खाण्याच्या केळीला बी नसते. बहुतेक जाती त्रिगुणित गुणसूत्रांच्या, म्हणून वांझ असतात. त्यामुळे वंश चालतो तो मुनव्यांनी. मुनव्याबरोबर आईच्या अंगचे सारे काही येते: कंद पोखरणारा सोंडकिडा, मुळे कुजवणाऱ्या सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी आणि पर्णगुच्छाचा विषाणूदेखील. या वारशापासून सुटका करून घेण्यासाठी कंदाच्या टोकाचा वाढीचा लहानसा भाग कापून, तो निर्जंतुक करून, पोषक माध्यमात वाढवण्याचे तंत्र पुढे आले. मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी 1962 मध्ये तयार केलेले माध्यम आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरले जाते. केळीवर हे तंत्र यशस्वी झाल्याचे पहिले वृत्त 1972 मध्ये तैवानमधून आले. भारतात अशा रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये सुरू केली. एकसारखी वाढ, एकाच सुमारास येणारे घड आणि रोगमुक्त सुरुवात या गुणांमुळे ग्रँड नैन जातीची ही रोपे देशभर पसरली.

परंतु निर्जंतुकीकरणाच्या द्रावणाला मित्र आणि शत्रू यांतला फरक कळत नाही. सोंडकिड्याची अंडी आणि मर रोगाचे बीजाणू ज्या प्रक्रियेने दूर होतात, त्याच प्रक्रियेने मुळांना स्फुरद पुरवणारी बुरशीही जाते आणि रोगकारकांची वाट अडवणारे जिवाणूही जातात. रोप अगदीच एकटे उरते असेही नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागायत संशोधन संस्थेत झालेल्या अभ्यासांत, वरकरणी पूर्ण स्वच्छ दिसणाऱ्या केळीच्या ऊतींच्या आतही सहजासहजी न वाढवता येणारे जिवाणू दडलेले आढळले. तरीही जे उरते ते आईच्या कंदातील समृद्धीच्या मानाने फार थोडे. मुळांवर वस्ती करणारी मायकोरायझा बुरशी तर बाटलीत असूच शकत नाही.

याचे परिणाम केवळ तर्काने मांडलेले नाहीत. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, मर रोगाने बाधित जमिनीत मुनव्यांपासून वाढवलेल्या केळीपेक्षा ऊतिसंवर्धित केळी त्या रोगाला अधिक बळी पडत असल्याचे दिसले. स्वच्छ जमिनीत या रोपाची कामगिरी मुनव्यापेक्षा सरस ठरते. जमिनीत आधीच रोग असेल, तर तेच रोप अधिक दुबळे निघू शकते. रोगमुक्त रोप आणि रोगप्रतिकारक रोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीच्या पत्रकांत हा भेद फारसा स्पष्ट केला जात नाही.

मर रोग म्हणजे काय, हे जुन्या बागायतदारांना सांगण्याची गरज नाही. प्रथम खालची पाने कडेने पिवळी पडून खोडाशी लोंबू लागतात, खोड तळाशी उभे चिरते आणि कापून पाहिल्यास आतल्या वाहिन्या तांबूस-तपकिरी दिसतात. फ्युजेरियम या बुरशीचा हा रोग पनामा रोग म्हणूनही ओळखला जातो आणि त्याचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकतात. म्हैसूरजवळच्या नंजनगूडच्या प्रसिद्ध रसबाळे केळीचे क्षेत्र याच रोगाने आक्रसत गेले. मध्य अमेरिकेतील निर्यातीच्या बागांतून ग्रो मिशेल ही जात विसाव्या शतकाच्या मध्यास नाहीशी झाली, तीही याच रोगामुळे. तिची जागा घेणाऱ्या कॅव्हेंडिश गटावर, म्हणजे आपल्या ग्रँड नैनवरही, आता या बुरशीचा टीआर-4 हा प्रकार चालून आला आहे. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आढळल्याचे 2019 मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी तो कोलंबियातही सापडला.

रोपाला परत द्यायच्या सोबत्यांत पहिला मान मायकोरायझा बुरशीचा. मुळांशी तिचे नाते केळीहूनच नव्हे, तर फुलणाऱ्या सर्व वनस्पतींहून जुने आहे. स्कॉटलंडमधील सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत तिच्या खुणा मिळाल्या आहेत. ही बुरशी मुळाच्या पेशींत शिरून झाडासारख्या फांद्या फुटलेली सूक्ष्म रचना तयार करते आणि तिचे तंतू मुळाच्या पलीकडे मातीत पसरतात. झाड तिला साखर देते आणि ती झाडाला मुख्यतः स्फुरद, शिवाय जस्त आणि काही प्रमाणात पाणी आणून देते. केळीची मुळे जाड आणि मांसल असून त्यांवर मूलरोम तुलनेने थोडे असतात. शिवाय बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या फूटभर थरातच राहतात. अशा झाडाला दूरवर पोहोचणारे तंतू फार उपयोगी पडतात. कॅनरी बेटांवरील संशोधकांनी हार्डनिंगच्या काळातच ही बुरशी दिलेल्या केळीच्या रोपांवर दीर्घकाळ काम केले. लवकर बुरशी मिळालेली रोपे जोमदार वाढतात आणि सूत्रकृमींचा मारा अधिक सोसतात, असे त्यांना दिसून आले.

गोव्यातील आणि कोकणातील जांभ्याच्या जमिनीला ही बाब विशेष लागू पडते. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडून जमिनीतील चुना धुऊन जातो, माती आम्लधर्मी होते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. सुपर फॉस्फेट टाकले तरी त्याचा मोठा भाग मुळांपर्यंत पोहोचण्याआधीच बांधला जातो. अशा मातीत मुळांची पोच वाढवणारी बुरशी खतापेक्षाही मोलाची ठरू शकते. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या बुरशीवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे, त्यामुळे येथील मातीतील तिच्या प्रकारांचे ज्ञान या भूमीत उपलब्ध आहे, ही जमेची बाजू.

मात्र ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. जिवाणूंसारखी ती टाकीत आंबवून तयार करता येत नाही. म्हणून ती मका किंवा गवताच्या मुळांवर कुंड्यांत वाढवतात, नाही तर प्रयोगशाळेत गाजराच्या रूपांतरित मुळांवर. दिल्लीच्या टेरी संस्थेने ही दुसरी पद्धत मोठ्या प्रमाणावर विकसित केली. बाजारातील मायकोरायझाच्या दर्जात फरक का आढळतो, याचे एक कारण या कष्टाच्या उत्पादनात आहे.

दुसरा गट जिवाणूंचा. अझोस्पिरिलम हवेतील नत्र थोड्या प्रमाणात स्थिर करते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुळांची वाढ चेतवणारी संप्रेरके स्रवते. बॅसिलस आणि स्यूडोमोनास यांतील काही प्रकार सेंद्रिय आम्ले सोडून बांधलेला स्फुरद विरघळवतात. लोह पकडून ठेवणारे पदार्थ स्रवून ते रोगकारक बुरशीची उपासमार करतात, तर काही प्रकार झाडाची स्वतःचीच संरक्षणव्यवस्था आधीपासून जागी ठेवतात. मलेशियातील पुत्रा विद्यापीठात बरांगान जातीच्या ऊतिसंवर्धित रोपांवर अझोस्पिरिलम आणि बॅसिलसच्या निवडक प्रकारांचे प्रयोग झाले. जिवाणू दिलेल्या रोपांची मुळे अधिक वाढली आणि नेहमीच्या नत्रमात्रेच्या एक-तृतीयांश खतातही वाढ चांगली राहिली. हे प्रयोग काळजीपूर्वक नियंत्रित परिस्थितीत झाले होते, हे ध्यानात ठेवलेले बरे. उघड्या शेतात, विशेषतः येथील मुसळधार पावसात, जिवाणूंच्या भरवशावर नत्र दोन-तृतीयांशाने कमी करण्याचे धाडस कोणी एकदम करू नये.

तिसरा सोबती ट्रायकोडर्मा. ही बुरशी बहुतेक शेतकऱ्यांना नावाने ठाऊक आहे. ती इतर बुरशींच्या तंतूंना विळखा घालून त्यांवर जगते, मुळांभोवतीची जागा आधीच व्यापते आणि काही प्रमाणात वाढीलाही हातभार लावते. टीआर-4 विरुद्ध भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लखनौ येथील संस्थेने फ्युसिकॉन्ट नावाचे जे उत्पादन विकसित केले, त्याचा आधारही ट्रायकोडर्माचाच एक प्रकार आहे.

या क्षेत्रातील सर्वांत शिकवण देणारी कथा पूर्व आफ्रिकेची आहे. युगांडात केळी हे मुख्य अन्न. तेथील संशोधकांनी मर रोगाच्या बुरशीचाच एक निरुपद्रवी भाईबंद निवडला आणि तो ऊतिसंवर्धित रोपांच्या मुळांत सोडून सूत्रकृमी व सोंडकिडा यांना अटकाव करण्याची योजना आखली. प्रयोगशाळेतील निकाल आशादायक होते. पुढे केनियातील संशोधनात, निकृष्ट आणि पोषणहीन मातीत हाच सोबती रोपाला लाभ देत नाही, असे आढळले. केनियातच व्यापारी सूक्ष्मजीव उत्पादनांची तीन वेगवेगळ्या मातींत, ऊतिसंवर्धित केळीवर तुलना झाली आणि तेच उत्पादन एका मातीत उपयोगी तर दुसरीत निष्प्रभ ठरल्याचे दिसले. सूक्ष्मजीव हे खताच्या पोत्यासारखे नसतात. ते जिवंत असतात आणि त्यांनाही जागा, अन्न व योग्य शेजार लागतो. खानदेशातील काळ्या कसदार जमिनीत नावाजलेले उत्पादन पेडण्याच्या किंवा सांग्याच्या जांभ्या मातीत तसेच वागेल, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

मग ते द्यावेत केव्हा? मुळांवरची जागा जो आधी व्यापतो, त्याची वस्ती टिकण्याची शक्यता जास्त. म्हणून योग्य वेळ हार्डनिंगची. बाटलीतून काढलेले रोप आधी प्रोट्रेमधील कोकोपीटमध्ये चार ते सहा आठवडे राहते आणि नंतर पिशवीतील मातीत आणखी दीड-दोन महिने. कोकोपीटमध्ये फारसे सूक्ष्मजीव नसतात, मुळे नव्याने फुटत असतात आणि प्रत्येक रोपाला उत्पादनाची अगदी अल्प मात्रा पुरते. मायकोरायझा या टप्प्यात मुळांना थेट लागेल अशी माध्यमात मिसळावी आणि ट्रायकोडर्मा व जिवाणू पिशवीत बदलताना द्यावेत, ही पद्धत सोयीची. शेतात लावल्यानंतर तेच काम करायचे, तर मात्रा कितीतरी पटींनी वाढते आणि स्थानिक सूक्ष्मजीवांशी स्पर्धाही करावी लागते. थोडक्यात, हे काम मुळात रोपवाटिकेचे आहे. रोपे नोंदवतानाच शेतकऱ्याने त्याची विचारणा केली, तर रोपवाटिकाही ते करू लागतील.

रोपवाटिकेत ते झालेले नसेल, तरी लागवडीच्या वेळी काही करता येते. चांगले कुजलेले शेणखत घेऊन शंभर किलोंमागे साधारण एक किलो ट्रायकोडर्मा मिसळावा, ढीग सावलीत ओलसर ठेवावा, गोणपाटाने झाकावा आणि आठ-दहा दिवसांनी हे खत खड्ड्यात मुळांच्या जवळ घालावे. जिवाणूंची आळवणी संध्याकाळी, ओल असताना करावी. जीवामृत वापरणाऱ्यांनी ते शेतात खुशाल वापरावे. मात्र प्रोट्रेमधील कोवळ्या रोपांवर ते ओतू नये. त्यात नेमके कोणते जीव आहेत हे सांगता येत नाही आणि त्या वयाच्या रोपाला कूज रोगाशी सामना करण्याइतके बळ नसते.

सर्वांत जास्त चुका पुढच्या टप्प्यात होतात. हजारोंनी सूक्ष्मजीव विकत घेऊन, त्याच आठवड्यात कार्बेन्डाझिमची आळवणी केली जाते आणि ट्रायकोडर्मा जागच्या जागी संपतो. कुळागरात याहून वेगळी अडचण आहे. पोफळीच्या कोळे रोगावर पावसाळ्याच्या सुरुवातीपासून बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या होतात आणि त्यातील मोरचूद पावसाबरोबर खालच्या केळीच्या मुळांशी उतरते. तांबे मातीत साचत जाते व उपयुक्त बुरशींना मारक ठरते. पोफळ वाचवायची तर फवारणी टाळता येत नाही. पण केळीला सूक्ष्मजीव देण्याचा दिवस फवारणीपासून पुरेसा दूर ठेवता येतो आणि केळीच्या बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर राखता येतो. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात जिवाणू कालवू नयेत. विहिरीचे पाणी उत्तम. स्फुरदयुक्त खताचा भडिमार केल्यास झाडाला मायकोरायझाची गरजच उरत नाही आणि मुळांतील तिची वस्ती घटते. खाचरात पाणी तुंबले, तर हवेअभावी बहुतेक सोबती गुदमरतात. त्या जमिनीत आधी चर काढावेत, सूक्ष्मजीवांचा विचार नंतर.

विकत घेताना लेबल वाचणे अत्यावश्यक. जैविक खते 2006 पासून 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. भुकटीच्या स्वरूपातील जिवाणू खतात प्रति ग्रॅम किमान 5 कोटी आणि द्रवरूपात प्रति मिलीलीटर किमान 10 कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक त्यात आहे. ट्रायकोडर्मा रोगनियंत्रणासाठी विकला जात असेल, तर त्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी लागते आणि प्रचलित भुकटीत प्रति ग्रॅम किमान 20 लाख बीजाणू अपेक्षित असतात. उत्पादनाची तारीख, जातीचे नेमके नाव, पेशींची संख्या आणि नोंदणी क्रमांक यांपैकी काही नसेल, तर पुडा परत ठेवावा. दुकानाच्या पत्र्याखाली मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पुड्यात काय जिवंत उरले असेल, याचा अंदाज ग्राहकाने स्वतःच बांधावा. ‘सूक्ष्मजीवांचे चमत्कारी मिश्रण’ एवढेच लिहिलेली बाटली घेण्यापेक्षा दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत जास्त देणे शहाणपणाचे.

गोव्याला या विषयात आणखी एक कारणाने रस असायला हवा. मयड्याच्या मिंडोळी केळीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सालदाटी, रसबाळी यांनाही येथील बाजारात मान आहे. अशा जातींची निरोगी रोपे मोठ्या संख्येने हवी असल्यास ऊतिसंवर्धनाचा मार्ग कधी तरी धरावा लागतो, आणि मग बाटलीत जाताना जे गमावले जाते त्याचा प्रश्न येथेही उभा राहतो. दक्षिण चीनमधील संशोधकांनी यावर सुचवलेला उपाय विचार करण्याजोगा आहे. त्यांनी स्थानिक, निरोगी केळीच्या अंगातूनच जिवाणू वेगळे केले आणि ऊतिसंवर्धित रोपांना ते परत दिले. त्या रोपांवरील मर रोगाचे प्रमाण कमी झाले. मयड्यातील एखाद्या जुन्या, कधीही मर न लागलेल्या केळीच्या मुळांत राहणारे जीव मिंडोळीच्या नव्या रोपांना अधिक मानवतील, ही कल्पना तपासून पाहण्यास जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्था आणि गोवा विद्यापीठ या दोन्ही जागा हाताशी आहेत.

तोवर शेतकऱ्याला स्वतःच्या बागेत एक साधी परीक्षा घेता येते. शंभर रोपे लावताना वीस रोपे मुद्दाम सूक्ष्मजीवांविना ठेवावीत; ती एका कोपऱ्यात नव्हे, तर ओळींत विखरून, फडक्याची खूण बांधून. माती, पाणी, खत सारे समान द्यावे. तिसऱ्या महिन्यात बुंध्याचा घेर आणि पानांची संख्या, मेलेल्या रोपांची मोजदाद, पुढे फुलोऱ्याची तारीख आणि कापणीवेळी घडाचे वजन एका वहीत लिहून ठेवावे. दोन्ही गटांत फरक दिसला नाही, तर पुढल्या हंगामात तो खर्च वाचवून पैसे शेणखताकडे वळवता येतात; दिसला, तर कोणते उत्पादन, कोणत्या तारखेला आणि किती दिले, हे वहीत आधीच नोंदलेले असते.